निखाऱ्यावरच्या मटणासाठी डाळिंब-काकवीचा सॉस

सोलापूरकराला मटणाबरोबर गोड काही सुचवून बघा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग ताटाकडे. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, शेजारी चुरायला कडक भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा, एवढं असताना गुळाचं काय काम? रश्श्यापुरतं त्याचं म्हणणं मलाही पटतं. रश्श्यात गोड घालू नये.

पण मटण, चिकन निखाऱ्यावर भाजायचं असेल तर गोष्ट वेगळी. भाजलेल्या मांसाला रस्सा नसतो. बाहेरून ते कोरडं पडतं, धुराचा थोडा कडवटपणा येतो, चरबी तोंडात रेंगाळते. आंबटाने चरबी कापली जाते, गोडाने कडवटपणा झाकला जातो, आणि साखरेचा पातळ थर विस्तवावर तापला की मांसाला तो तपकिरी, चकाकता, किंचित चिकट लेप येतो, ज्यासाठी लोक हॉटेलात पैसे मोजतात. शिवाय आपल्या जिभेला ही चव परकी नाही. चिंच-गुळाची आमटी घरोघर होते. शेंगा आणि गूळ हा तर आपला चार वाजताचा खाऊ. पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक पद्मशाली घरांत चिंचेचा कोळ रोजचा. सवय नाही ती फक्त हे सगळं निखाऱ्यावरच्या मांसाला लावायची.

दुकानात ‘बार्बेक्यू सॉस’ नावाची बाटली मिळते. घेण्याआधी मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे पहिली दोन-तीन नावं वाचली तरी पुरे. बहुतेक वेळा साखर, पाणी, टोमॅटोची पेस्ट आणि व्हिनेगर हेच पुढे असतात. ही मूळची अमेरिकी पद्धत. कॅन्सस सिटी या शहराच्या नावाने ओळखला जाणारा सॉस टोमॅटो आणि मळीसारख्या काळ्या पाकावर उभा असतो. सॉस वाईट नाही, पण तो डुकराच्या आणि गाईच्या मांसाला, तासन्‌तास मंद धुरात ठेवायच्या पद्धतीला बेतलेला आहे. आपलं बोकडाचं मटण आणि झटपट भाजलेली कोंबडी यांना तो जरा जास्तच गोड आणि जड होतो.

आपल्याला जवळचा धडा पश्चिमेकडे तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात मिळतो. तिथे डाळिंबाचा रस आटवून काळपट, दाट, आंबट-गोड पाक करून ठेवतात आणि कबाबापासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्याला वापरतात. तुर्की लोक त्याला ‘नार एकशिसी’ म्हणतात. आता डाळिंबाचं म्हणाल तर ते सोलापूरकराला सांगायला नको. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातली डाळिंबं देशभर जातात, ‘सोलापूर डाळिंब’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून शहरालगत केगावला आहे. इतकं असून आपण डाळिंब खातो ते दाणे सोलून, फार तर रस काढून, नाहीतर आजारी माणसाला भेटायला जाताना पिशवीत घालून. स्वयंपाकात त्याला आपण जवळजवळ घेतलंच नाही.

म्हणून हा सॉस डाळिंबाचा. आंबटपणाला चिंच, गोडाला काकवी, आणि अंगाला आपलं काळं तिखट.

आधी बाजारहाट. डाळिंबाचे तीन बहार असतात. मृग बहाराची फळं साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात, हस्त बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी, आंबे बहाराची पावसाळ्यात. म्हणजे कधी ना कधी भाव खाली येतोच, तेव्हा घ्यायची. निर्यातीचं चकचकीत, मोठं फळ या कामाला घेणं म्हणजे उधळपट्टी. मंडईत लहान, डागाळलेली, किंचित तडकलेली डाळिंबं वेगळ्या ढिगात ठेवलेली असतात, तीच आपल्याला हवीत. सालीवर तेल्या रोगाचे काळे डाग असले तरी आतले दाणे पुष्कळदा चांगले निघतात. मात्र तडकलेलं फळ घेताना भेगेत नाक घाला. आंबूस, दारूसारखा वास आला किंवा भेगेत करडी बुरशी दिसली तर ते फळ राहू द्या, कितीही स्वस्त मिळो. आणि फोडल्यावर आत एखादा कोपरा तपकिरी, मऊ दिसला तर तेवढाच भाग काढून भागत नाही. ते फळ पूर्ण बाजूला.

आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो ‘भगवा’ वाण. रंगाला गडद, दाण्याला मऊ आणि चवीला गोड. खायला उत्तम, पण सॉसला त्यात आंबटपणा कमी पडतो. तुर्कस्तानात या कामाला आंबट डाळिंबं वापरतात, तशी आपल्याला बाजारात मिळत नाहीत. ही उणीव चिंच भरून काढते. चिंचेसाठी बार्शीचा बाजार प्रसिद्धच आहे. जुनी, काळपट पडलेली चिंच घ्या. नव्या चिंचेपेक्षा ती जास्त मुरलेली आणि चवीला गोल असते. फोडलेली, चिंचोके काढलेली मिळाली तर काम वाचेल, तरी शिरा आणि टरफलाचे तुकडे बघून घ्या.

काकवी गुऱ्हाळावर मिळते, आणि आता शहरातल्या बऱ्याच किराणा दुकानांतही बाटलीतून मिळते. गूळ होण्याआधी उतरवलेला हा पाक. तो थिजून खडे धरत नाही, म्हणून सॉसला गुळापेक्षा बरा. नसेलच तर गडद तपकिरी गूळ चालेल. पांढरट पिवळा, देखणा गूळ टाळा. तो रंग पुष्कळदा रस साफ करताना टाकलेल्या रसायनाचा असतो, आणि भाजलेल्या मांसाला हवी ती खोल, किंचित खारट चव त्यात नसते.

काळं तिखट घरचं असेल तर उत्तम. त्यात दगडफूल, खोबरं, धणे, कांदा-लसूण असा ऐवज आधीच भाजून पडलेला असतो, आणि दगडफुलाला स्वतःचाच एक धुरकट वास असतो. विकतचं घ्यायचं तर मधला मारुतीच्या बाजूला चिमूटभर हातावर घेऊन वास घेऊ देणारे दुकानदार आहेत. खोबऱ्याला खवट वास येत असेल तर घेऊ नका, कारण सॉसमध्ये तो लपत नाही, उलट वर येतो.

आता माप. या मापात साधारण 400 ते 450 ग्रॅम सॉस होतो आणि तो दोन किलो मांसाला लावून वर ताटात वाढायलाही पुरतो. डाळिंबं 2 किलो, चिंच 50 ग्रॅम, काकवी 100 ग्रॅम, मध्यम कांदा 1, लसणाच्या 8-10 पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, काळं तिखट 2 चहाचे चमचे, लाल तिखट 1 चमचा, भाजून कुटलेलं जिरं अर्धा चमचा, ताजी भरड मिरी अर्धा चमचा, मीठ दीड चमचा, तेल 1 पोह्याचा चमचा. तेल शेंगदाण्याचं किंवा करडईचं. ऑलिव्ह वगैरेच्या फंदात पडू नका.

पहिलं काम, चिंच वाटीभर गरम पाण्यात भिजत घालणं. दुसरं, कांदा आणि लसूण सालीसकट गॅसवर किंवा विस्तवावर भाजणं. कांद्याची बाहेरची साल काळी ठिक्कर झाली पाहिजे आणि आतून तो मऊ पडला पाहिजे. सोलापुरी वाटणाला आपण करतो तसंच. फरक एवढाच, की इथे खोबरं घालायचं नाही. खोबऱ्याचं तेल सुटून सॉस फाटल्यासारखा दिसतो आणि टिकतही नाही.

मग डाळिंबं. फळाचा देठाकडचा भाग टोपीसारखा कापा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेवर वरवर चिरा द्या आणि हाताने फाका वेगळ्या करा. दाणे पाण्याने भरलेल्या पातेल्यात काढले की पडदे वर तरंगतात आणि दाणे तळाला बसतात. हे कंटाळवाणं काम आहे, पण पडदा आणि साल रसात गेली तर सॉस तुरट-कडवट होतो आणि तो कडवटपणा कितीही काकवी ओतली तरी जात नाही. काम करताना जुने कपडे घाला. नैसर्गिक रंगाने कापड रंगवणारे डाळिंबाच्या सालीचा रंग मुद्दाम वापरतात, आणि कापडाच्या या गावात सांगायला नको, की तो रंग पक्का असतो.

दाणे निथळून मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घ्या आणि बटण फक्त दोन-तीनदा झटक्यात फिरवून सोडा. दाण्याचा रस फुटला पाहिजे, आतली बी दळली जाता कामा नये. बी दळली की रस गढूळ आणि कडू होतो. हा गर सुती फडक्यातून पिळून घ्या. दोन किलो फळांतून पाऊण ते एक लिटर रस निघतो. फळ रसाळ असेल तर जास्तही.

भांडं निवडताना घाई करू नका. रुंद तोंडाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढईत हा रस निळसर काळा पडतो आणि त्याला लोखंडाची चव लागते, कारण डाळिंबातलं टॅनिन लोखंडाशी लगेच जुळतं. ॲल्युमिनियमचं आणि कल्हई गेलेलं पितळेचं भांडं आंबट पदार्थाला तसंही वर्ज्य. रुंद भांड्याचं कारण सरळ आहे: वाफ जायला जितकी जास्त जागा तितका रस लवकर आटतो, आणि जितका कमी वेळ तापतो तितकी फळाची चव शिल्लक राहते.

रस मध्यम आचेवर ठेवा. पहिल्या उकळीला गुलाबी फेस येतो, तो झाऱ्याने काढून टाका. मग आच कमी करून तो एक तृतीयांश होईपर्यंत आटवा. घरच्या गॅसवर याला अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीला नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, शेवटच्या दहा मिनिटांत मात्र पातेल्यासमोरून हलायचं नाही. रंग लाल राहील अशी अपेक्षा ठेवू नका. डाळिंबाचा लाल रंग उष्णतेला टिकत नाही, तो विटकरी आणि मग तपकिरी होणारच. सॉस लाल हवा म्हणून त्यात खाण्याचा रंग घालणाऱ्यांशी माझं जमत नाही.

रस आटतोय तोवर भाजलेल्या कांदा-लसणाची काळी साल काढा, आल्याबरोबर गुळगुळीत वाटा, पाणी शक्यतो घालू नका. चिंच कुस्करून कोळ गाळून घ्या. दुसऱ्या लहान कढईत, ती लोखंडी नको, तेल तापवून वाटण परता. कडेने तेल सुटायला लागलं की आच अगदी मंद करून काळं तिखट आणि लाल तिखट घाला, आणि लगेच चिंचेचा कोळ ओता. तिखट तेलात जळलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. हे सारं आटलेल्या रसात मिसळा, काकवी, मीठ, जिरं, मिरी घाला आणि मंद आचेवर आणखी पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. आता तो बुडाला लागतो, हलवत राहा. अंगावर उडतो, म्हणून लांब दांड्याची पळी घ्या.

झालं कधी म्हणायचं? पळी सॉसमध्ये बुडवून वर काढा आणि तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली तर अजून आटवा. रेघ तशीच राहिली आणि पळीच्या टोकाशी थेंब जरा थांबून मग पडला, की गॅस बंद. गरम असताना तो तुम्हाला पातळ वाटेल. वाटू द्या. चिंचेत आणि डाळिंबात पेक्टिन असतं, गार झाल्यावर सॉस चांगला दाट होतो. गरम असतानाच हवा तितका दाट केला तर दुसऱ्या दिवशी बरणीतून चमच्याने खरवडावा लागेल. तसं झालंच तर दोन चमचे गरम पाणी घालून सैल करा, बिघडलं काही नाही.

चव गार झाल्यावर बघायची, आणि नुसती चाटून नाही, तर भाकरीच्या तुकड्यावर घेऊन. नुसता चाटला तर तो तुम्हाला जास्त आंबट आणि जास्त खारट वाटणार, तसाच तो हवा. मांसावर पसरला की चव पातळ होते. आंबट फारच झाला तर काकवी चमचा-चमचा वाढवा, गोड झाला तर लिंबू पिळा. चव सपक वाटत असेल तर साखरेकडे धावण्याआधी चिमूटभर मीठ घालून बघा, दहातल्या आठ वेळा उणीव मिठाचीच असते. तिखटपणा ज्याच्या त्याच्या घरचा. सोलापुरात मी सांगितलेलं तिखट कमीच ठरेल, पुण्याला पाहुण्यांना द्यायचं तर निम्मं करा.

सॉस चांगला झाला म्हणजे मांस चांगलं झालं असं नाही. आता जे सांगते ते या लेखातलं सगळ्यात कामाचं.

गोड सॉस मांसाला आधी लावून ठेवायचा नाही. घरोघरी होणारी चूक हीच. बाटली उघडली, कोंबडी त्यात बुडवली, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी निखाऱ्यावर टाकली. पाच मिनिटांत बाहेरून कोळसा आणि आत हाडाजवळ कच्चं. डाळिंबातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा कितीतरी कमी उष्णतेला करपायला लागतं. काकवीचंही थोडंफार तसंच. निखाऱ्यावरच्या जाळीची उष्णता या दोन्हींच्या सहनशक्तीच्या पार पुढे असते. तेव्हा मांस आधी मीठ-मसाल्यावर जवळजवळ पूर्ण भाजून घ्यायचं आणि सॉस शेवटच्या पाच-सात मिनिटांत, दोन हातांनी, म्हणजे पातळ पहिला हात, तो सुकला की दुसरा.

मांस मुरवायला दही, आलं-लसूण, हळद, मीठ, थोडं काळं तिखट पुरे. बोकडाचं मटण भाजायचं असेल तर मांडीचं, बिनहाडाचं घ्या आणि सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे करा. त्याला कच्च्या पपईचा वाटलेला गर किलोला पोह्याचा एक चमचा लावून तासभर ठेवा, जास्त नाही. पपईतलं पपेन मांस मऊ करतं आणि वेळेवर थांबवलं नाही तर त्याचा लगदा करतं. कोंबडीला पपई नकोच. तंगड्यांना हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. खिमा घेऊन शीक करणार असाल तर खिम्यात थोडी चरबी राहू द्या आणि पाणी पूर्ण पिळून काढा, नाहीतर सळईवरून तो विस्तवात गळून पडेल. विजापूर वेशीतल्या कारागिरांचे हात बघा, ओल्या तळव्याने खिमा सळईवर कसा दाबत नेतात ते. लिहून सांगण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं उभं राहून जास्त कळेल.

कोळसा बाभळीचा मिळाला तर घ्या, तो जास्त वेळ तग धरतो. पेटवायला रॉकेल नको. वास मांसात उतरतो आणि मग कुठलाच सॉस कामाला येत नाही. गोवरीचे तुकडे आणि तेलात भिजवलेल्या वाती यांवर कोळसा छान पेटतो. ज्वाळा असताना काही भाजायचं नसतं. कोळशावर पांढरी राख धरली, आतून लाल दिसायला लागला, की त्यातला बहुतेक विस्तव शेगडीच्या एका बाजूला सारा. एक बाजू कडक, दुसरी मंद. जाळीच्या वीतभर वर तळहात धरा: दोन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच कडक, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम. मांसाला आधी कडक बाजूला रंग आणायचा, मग मंद बाजूला शिजवायचं, आणि सॉस लावायचा तोही मंद बाजूलाच. तंगडीला एकूण पंचवीस-तीस मिनिटं, मटणाच्या तुकड्यांना पंधरा-वीस. हे अंदाज आहेत. कोळसा, वारा आणि तुकड्याचा आकार यांवर ते बदलतात. थर्मामीटर असेल तर कोंबडी आतून 74 अंश सेल्सिअसला गेली की खायला सुरक्षित. नसेल तर हाडाजवळ सुरी खुपसा, रस पाण्यासारखा स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नाही. एक गोष्ट कडकपणे पाळा: शेगडी बंद खोलीत नाही. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस मारतो. गच्ची, अंगण, शेत, काहीही चालेल.

सॉस लावायला ब्रश हवाच असं नाही. काडीच्या टोकाला सुती फडकं बांधलं तरी काम होतं, प्लॅस्टिकचे केस मात्र विस्तवाजवळ वितळतात. लावायचा तेवढा सॉस आधीच एका वाटीत वेगळा काढा आणि बरणी आत ठेवून द्या. ज्या ब्रशने अर्धंकच्चं मांस चोपडलं तो बरणीत गेला की बरणीतला सगळा सॉस धोक्यात. वाटीत उरलेला सॉस एक तर खळखळून उकळा, नाहीतर फेकून द्या. ताटात वाढायला बरणीतला ताजा.

गच्ची नसलेल्यांनी हिरमुसायला नको. ओव्हनमध्ये 200 अंशांवर तंगड्या अर्धा-पाऊण तास भाजून शेवटी सॉस लावून पुन्हा पाच मिनिटं ठेवा. जाड तव्यावरही जमतं, फक्त सॉस लावल्यावर आच मंद. धुराचा वास हवा असेल तर निखारा वाटीत ठेवून, त्यावर तुपाचा थेंब सोडून भांडं झाका, धुंगार द्यायचा आपला जुनाच प्रकार. तो मांसाला द्या किंवा थेट सॉसच्या पातेल्यात द्या, पण दोन-तीन मिनिटंच. जास्त वेळ दिला की सगळं जळकं लागतं.

शेंगा चटणीचं काय, असं कोणीतरी विचारणारच, आणि सोलापुरात विचारायलाच हवं. आहे तिचीही जागा. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसणाची खरी शेंगा चटणी तीन चमचे घ्या, त्यात या सॉसचे चार-पाच चमचे आणि थोडं कोमट पाणी घालून सैल करा. भाजलेलं मांस बुडवून खायला ही जोडी अशी लागते की पाहुणे वाटी उचलून चाटतात. इंडोनेशियात सळईवर भाजलेल्या सातेबरोबर शेंगदाण्याचाच सॉस देतात, त्यामुळे यात नवल काही नाही. पण हे मिश्रण विस्तवावरच्या मांसाला चोपडू नका. दाण्याचा कूट क्षणात करपतो आणि कडू होतो. आणि ते त्याच दिवशी संपवायचं, कारण पाणी लागलेला कूट लवकर खराब होतो.

मांस न खाणाऱ्यांनाही यात वाटा आहे. पनीर, भाजलेले वांग्याचे जाड काप, मक्याचं कणीस या सगळ्यांवर हा सॉस चांगला लागतो. हुरड्याच्या दिवसांत शेतावर नेला तर आगटीतून काढलेल्या रताळ्यावर घालून बघा.

टिकवण्याबद्दल थोडक्यात. काचेची बाटली आणि झाकण पाण्यात दहा मिनिटं उकळून, पूर्ण कोरडी करून, गरम सॉस गरम बाटलीत भरा. आंबट, गोड आणि मीठ तिन्ही असल्यामुळे तो फ्रिजमध्ये महिनाभर चांगला राहतो. बाहेर ठेवायचा धोका पत्करू नका, विशेषतः आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात. काढताना चमचा कोरडा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा वर पांढरी बुरशी आली तर वरचं काढून खालचं खायचं नाही, सगळा टाकायचा. बाटलीवर तारीख लिहून चिकटवा. आठवणीवर विसंबू नका, फ्रिजच्या मागच्या कप्प्यात सगळ्याच बाटल्या सारख्या दिसतात.

मधुमेह असणाऱ्यांना एक सांगणं. ‘गुळाचा आहे, फळाचा आहे’ म्हणून तो बिनसाखरेचा होत नाही. या सॉसच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखरच आहे, मग ती काकवीतली असो की डाळिंबातली. चव घ्या, वाटी भरून घेऊ नका.

पहिल्यांदा करताना निम्म्या मापाने करा आणि मटणाऐवजी कोंबडीच्या तंगड्यांवर वापरून बघा. कोंबडी चूक पोटात घालते, मटण घालत नाही.